गर्दी होती, तरी कुलूप

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाच्या गाडीने माझा भाचा, म्हणजे नणंदेचा धाकटा, मुंबईहून आला तो थेट आमच्याकडेच. खांद्याला दोन बॅगा आणि हातात टॉवेलात गुंडाळलेल्या त्याच्या सुऱ्या. मी चहा टाकत विचारलं, "श्रावणाची सुट्टी मिळाली वाटतं?" तर म्हणाला, "मामी, हॉटेलच बंद पडलं."

मला खरंच वाटेना. हे हॉटेल म्हणजे काही साधंसुधं नव्हे. दिवाळीला आला होता तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो दाखवले होते. छताला पितळी झुंबरं, काचेआडून दिसणारं स्वयंपाकघर, भिंतीवर कुणा चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रं. दोन माणसं जेवली की पाच-सहा हजारांचं बिल. शनिवारचं टेबल हवं असेल तर आठवडाभर आधी फोन करायचा म्हणे. "अरे, मग गिऱ्हाईक तुटलं का?" तर मान हलवून म्हणाला, "नाही ओ. कुलूप लागलं त्याच्या आधीच्या शनिवारीसुद्धा फुल्ल होतं."

मैत्रिणींनो, एरवी मी 'अरेरे' म्हणून पोह्याच्या तयारीला लागले असते. पण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या बचत गटापुढे एक कागद येऊन पडला होता. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे, गटातल्या अकरा जणी सहा वर्षं खानावळ चालवतात. मी त्यात स्वयंपाकाला नसते, हिशेबाला आणि भांडणं सोडवायला असते! रोज नव्वदेक ताटं जातात, ८० रुपयांना ताट. आता नव्या व्यापारी संकुलाच्या मालकांनी पहिल्या मजल्यावरचा हॉल देऊ केला होता. 'फॅमिली रेस्टॉरंट काढा, एसी लावा, गावात तसं एकही नाही.' अध्यक्षबाईंनी तर नावसुद्धा ठरवलं होतं. आणि छताला झुंबर हवंच, असं दोघीतिघींचं म्हणणं होतं.

झुंबराचा मोह मला नाही असं कशाला म्हणू? २००६ साली, लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा, मुंबईच्या दिरांनी आम्हाला कुलाब्याच्या 'इंडिगो'मध्ये जेवायला नेलं होतं. ताजमहाल हॉटेलच्या मागच्या बाजूला, मंडलिक रोडवरचा तो जुना बंगला. आत विजेचे दिवे कमी आणि मेणबत्त्याच जास्त. मेनूकार्डातलं निम्मं मला कळलं नाही. रावस हा एकच शब्द ओळखीचा दिसला, तोच मागवला. पण खरं सांगू, पदार्थापेक्षा मी माणसंच मोजत बसले. पाणी ओतणारा वेगळा, ताट आणणारा वेगळा, ताट उचलणारा वेगळा, नुसता दारात उभा राहणारा वेगळा. आमच्या एका टेबलाशी सहा जण येऊन गेले. 'एवढ्यांचे पगार निघतात कुठून?' असं मी परतताना टॅक्सीत विचारलं, तर सगळे हसले होते.

ते 'इंडिगो' राहुल आणि मालिनी आकेरकर या जोडप्याने १९९९ मध्ये काढलं. आकेरकर हे मराठी वडिलांचे चिरंजीव. अमेरिकेत शिकायला गेले इंजिनिअरिंग आणि परत आले स्वयंपाक करायच्या वेडाने. त्याआधी केम्प्स कॉर्नरच्या पुलाखाली त्यांनी 'अंडर द ओव्हर' नावाचं लहानसं हॉटेल चालवलं होतं. त्या काळात भारी जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेलातच, असा मुंबईचा रिवाज होता. रस्त्यावरच्या एका बंगल्यात, स्वतःच्या नावावर, तेवढ्याच तोलाचं हॉटेल काढायचं, हे धाडसच. ते चाललं, नुसतं चाललं नाही तर देशातल्या उत्तम हॉटेलांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. मग २००५ पासून 'इंडिगो डेली' आल्या, आधी कुलाब्यात, मग मॉलमध्ये, उपनगरांत. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'टोट ऑन द टर्फ' निघालं. आणि २०१५ मध्ये आकेरकर पती-पत्नी आपणच उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले. कुलाब्यातलं मूळ 'इंडिगो' २०१८ मध्ये बंद झालं.

आकेरकर पुन्हा उभे राहिले. २०१९ मध्ये लोअर परळला त्यांनी 'क्वालिया' काढलं, जेमतेम वर्ष होतंय तोवर कोरोना आला. आज तेही नाही. तरी या माणसाची हौस फिटलेली नाही. पुढे वरळीच्या 'ओड'मध्ये ते पुन्हा भटारखान्यात उभे राहिले. त्यांचं मला कौतुक आहे. पण त्यांच्या हाताला चव नव्हती म्हणून काही बंद पडलं, असं कुणीच म्हणणार नाही. मग?

या 'मग?'चं उत्तर मला भाच्याने आमच्या ओट्यापाशी उभं राहून, कांदा चिरता चिरता दिलं. (काय सुरेख चिरतो! सगळे तुकडे एकसारखे. घरी असताना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही.) त्यांच्या शेफनी मुलांना एक हिशेब पाठ करून घेतला होता. गिऱ्हाइकाने १०० रुपये दिले की साधारण ३० सामानात जातात, २० ते २५ पगारात, वीज-गॅस सहा-सात. फोनवरून मागवलेल्या जेवणावर तर ती ॲपवाली कंपनी पाचवा-चौथा हिस्सा आधीच कापून घेते. भाडं १५ च्या आत राहिलं तर मालकाला झोप लागते, २० च्या वर गेलं की तो रात्री जागा असतो. आणि मुंबईच्या चांगल्या वस्तीत ते २० च्या वर जायला वेळ लागत नाही. करार तीन किंवा पाच वर्षांचे, मधेच भाडं वाढणार हे आधीच लिहिलेलं.

"आणि मामी, कराची पण गंमत बघा," तो म्हणाला. नोव्हेंबर २०१७ पासून अशा हॉटेलांच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. पण जागेच्या भाड्यावर हॉटेलवाल्याला १८ टक्के भरावा लागतो आणि तो कुठेही वळता करून घेता येत नाही. माझी कला शाखेची पदवी, अर्थशास्त्र बारावीतच सोडलेलं, तरी एवढं कळलं. लाख रुपये भाडं म्हणजे प्रत्यक्षात एक लाख अठरा हजार.

त्यातून सजावट. झुंबर, फरशी, लाकूडकाम, भटारखान्याची धुरांडी, हे सगळं भाड्याच्या भिंतीत घालायचं. करार संपला की भिंत मालकाची. खुर्च्या-टेबलं तेवढी जुन्या बाजारात जातात. भाच्याच्या मालकांनी पहिलं हॉटेल नावारूपाला आल्यावर दोन वर्षांत आणखी दोन काढली. पहिल्याचा गल्ला दुसऱ्या-तिसऱ्याच्या भाड्यात जाऊ लागला. आधी मासळीवाल्याने उधारी बंद केली, रोख मागू लागला. मग मेनूतले दोन-तीन पदार्थ 'आज नाही' होऊ लागले. मग पगार दहा तारखेला, मग वीस तारखेला. आणि एका सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला, 'कामावर येऊ नये, पुढील सूचना कळवू.' पुढील सूचना अजून आलेली नाही. याचे दोन महिन्यांचे पगार अडकलेत. कुर्ल्याच्या खोलीत आठ जण राहायचे, त्यातले पाच त्याच हॉटेलातले. खोलीचं भाडं भरणं अशक्य झाल्यावर जो तो आपापल्या गावी!

हॉटेल उघडताना मालकाचा, शेफचा फोटो छापून येतो. बंद झालं तर 'एका पर्वाचा अस्त' वगैरेही कुणी लिहितं. ताटं विसळणाऱ्या मुलाचं काय झालं ते मी तरी कुठल्या पानावर वाचलेलं नाही.

जागा आपली नसणं हे दुखणं फक्त महागड्यांचंच नाही. जहांगीर कलादालनातलं 'समोवार' आठवतं का? जे. जे.त शिकलेली माझी मावसबहीण तिथल्या दालवड्यांचं वर्णन करताना अजून हळवी होते. उषा खन्ना नावाच्या बाईंनी ते १९६४ मध्ये सुरू केलं आणि पन्नास वर्षं चालवलं. गिऱ्हाइकं इतकी जिवाभावाची की तिथेच वाढली, तिथेच म्हातारी झाली. पण जागा कलादालनाची, त्यांना ती परत हवी होती. बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली आणि मार्च २०१५ मध्ये 'समोवार' उठलं. उलट ज्यांची जागा स्वतःची, त्यांना काय काय सुचतं पाहा. ताजमहाल हॉटेलमध्ये १९८९ मध्ये 'झोडियाक ग्रिल' उघडलं, तेव्हा सुरुवातीला मेनूवर किमतीच छापलेल्या नव्हत्या. जेवा आणि तुम्हाला योग्य वाटेल ते द्या! आमच्या खानावळीत हे केलं तर आठवड्यात शटर ओढावं लागेल. अर्थात पंचवीसेक वर्षांनी तेही बंद झालंच.

भाचा जिथे काम करायचा तो भाग लोअर परळचा. त्याला विचारलं, "अरे, तिथे पूर्वी काय होतं माहीत आहे का?" तर "गिरण्या होत्या ना" एवढंच. माझे सासरे गिरणीत होते, फिनिशिंग खात्यात. ते सांगायचे, की एका खोलीत पाळीप्रमाणे वीस-वीस माणसं राहायची, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच वळकटीवर झोपायची. आणि त्यांचं जेवण? शेजारच्या चाळीतल्या बाईकडे. खानावळवाल्या बाया म्हणायचे त्यांना. नवरा गेलेला, नाहीतर दारूत बुडालेला. दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळा वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. हिशेब महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज बचत गट, गटाचं कर्ज हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात, पण सही करायला न येणाऱ्या बाईला बँकेने खुर्ची द्यावी, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गावाकडे परतणाऱ्यांत माझे सासरेही होते. खानावळवालीच्या हाताला चव होती, माणसं तिला आई मानत होती, पण जेवणारेच गेले. त्या गिरण्यांच्या जमिनीवर मग मॉल आले, कचेऱ्या आल्या आणि झुंबरांची हॉटेलं आली. सासऱ्यांना नातवाचा हॉटेलातला फोटो दाखवला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे. ते २०११ मध्ये गेले.

त्याच भागातल्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या दोन पबना लागून आग लागली. १४ जण गेले, त्यात ११ बायका-मुली. कितीतरी जणी जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरल्या आणि धुराने तिथेच गुदमरल्या. आमच्या हॉलचा कागद पाहताना मी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर दुसरा जिना कुठे आहे? मालक म्हणाले, "ताई, पहिल्या मजल्याला दुसरा जिना कशाला?"

त्याच कमला मिलच्या आवारातली दुसरी गोष्ट मात्र मी गटातल्या बायकांना मुद्दाम सांगितली, कारण सगळंच काळं रंगवून त्यांचा हिरमोड करायचा नव्हता. समीर सेठ, यश भणगे आणि फ्लॉइड कार्डोझ यांनी २०१५ मध्ये तिथे 'द बॉम्बे कँटीन' उघडलं. आपल्याच भाज्या, आपलेच पदार्थ, पण नव्या थाटात. ते चाललं तेव्हा त्यांनी त्याच नावाच्या चार शाखा काढल्या नाहीत. दोन वर्षं थांबून २०१७ मध्ये गोव्याच्या चवीचं 'ओ पेद्रो' काढलं, आणखी तीन वर्षांनी मिठाईचं दुकान. कार्डोझ हा मुंबईतच वाढलेला, गोव्याच्या मुळांचा माणूस. त्याने न्यूयॉर्कमध्ये 'तबला' नावाच्या हॉटेलात बारा वर्षं आपले मसाले अमेरिकनांना खिलवले. तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याला तीन तारे दिले, वर्षानुवर्षं वाहवा झाली, आणि २०१० च्या अखेरीस तेही बंद. जागा अवाढव्य होती, ती रोज भरणं जड गेलं. पुढच्याच वर्षी या गड्याने तिथल्या टीव्हीवरची शेफ लोकांची मोठी स्पर्धा जिंकली. कशावर, माहीत आहे? उपम्यावर! आळंबी घालून केलेला उपमा, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. बक्षिसाची लाख डॉलरची रक्कम त्याने कर्करोगाच्या संशोधनाला दिली. ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या सकाळच्या नाष्ट्यावाल्या काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "म्हणजे माझा उपमा वीस रुपयांना म्हणजे फुकटच की!"

२५ मार्च २०२० ला, इकडे टाळेबंदी लागली त्याच दिवशी, कार्डोझ अमेरिकेत कोरोनाने गेले. महाराष्ट्रात हॉटेलात बसून खायला पुन्हा परवानगी मिळाली ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. सहा महिन्यांत किती स्वयंपाकघरं विझली ती विझलीच. आमची खानावळ तग धरून राहिली, कारण भाडं सहा हजार होतं आणि आम्ही डबे देत होतो. यात शहाणपण कमी आणि नशीब जास्त, हे मी गटात वारंवार सांगते.

तर, गटाची बैठक शनिवारी दुपारी झाली. भाच्याला मी मुद्दाम बसवून घेतलं. फळ्यावर त्याने आकडे लिहिले. हॉलचं भाडं ४५ हजार. सजावट आणि डिपॉझिटसाठी १४ लाखांचं कर्ज, त्याचा पाच वर्षांचा हप्ता साधारण ३१ हजार. म्हणजे चूल पेटवण्याआधीच महिन्याला ७६ हजार. एसीचं बिल वेगळं. शेफचा तो १५ रुपयांचा नियम लावला तर महिन्याला तीन लाखांचा धंदा हवा, म्हणजे सव्वीस दिवस धरले तर रोज साडेअकरा हजारांचा गल्ला. आज आमचा गल्ला सात हजार दोनशे. आणि एसी फॅमिली रेस्टॉरंटला आमच्या गावात माणूस येणार शनिवार-रविवारी आणि लग्नसराईत. सोमवारी दुपारी तिथे कोण बसणार? एसटीचे कंडक्टर आणि कॉलेजची पोरं काही वर चढून जाणार नाहीत.

सगळ्या गप्प झाल्या. अध्यक्षबाईंनी हळूच नावाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणि मग गटातली सगळ्यात धाकटी, सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई, तावातावाने बोलली, "ताई, म्हणजे आपण जन्मभर स्टँडच्या मागंच चपात्या लाटायच्या का? पुरुष माणसं बुडतात, पुन्हा काढतात. त्यांना कोण फळ्यावर हिशेब दाखवतंय?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं तर अजूनही नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. आकेरकरांना चौथ्यांदा उभं राहता येतं, आमच्या अकरा जणींतली एक जरी बुडाली तर तिच्या गळ्यातलं जाईल आणि वर नवऱ्याचं ऐकावं लागेल ते वेगळंच. पण म्हणून इच्छाच धरायची नाही, असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगू?

शेवटी भाच्यानेच मार्ग काढला. हॉल नको. खानावळीच्या शेजारचा रिकामा गाळा आहे, नऊ हजार भाडं, दार रस्त्यावर. तिथे सहा टेबलं, दोन पंखे, आणि रविवारी एकच खास ताट, आधी सांगून ठेवलेलं. कर्ज दीड लाखाच्या वर नको. करार तीन वर्षांचा, आणि मालकाने मधेच उठवायचं नाही ही अट लेखी. धाकटी म्हणाली, "झुंबर?" तो म्हणाला, "जुन्या बाजारातनं आणू. आमच्या हॉटेलचंच आलं असंल तिथं."

पहिले तीन रविवार त्याने स्वतः चूल सांभाळली. पहिल्या रविवारी चौदा ताटं गेली, दुसऱ्या रविवारी पावसामुळे नऊ, तिसऱ्याला सव्वीस. धाकटीला त्याने मटणाचा मसाला वजनावर घ्यायला शिकवलं. तिची सासू अजूनही म्हणते की काट्यावर तोलून कधी स्वयंपाक होतो का.

परवा त्याला मुंबईहून फोन आला. जुने शेफ नव्या ठिकाणी लागलेत, वरळीला नवं हॉटेल उघडतंय, गणपतीनंतर. पगार आधीपेक्षा तीन हजारांनी जास्त. संध्याकाळी ओट्यापाशी येऊन म्हणाला, "मामी, जाऊ का?"

मी विचारलं, "जागेचा करार किती वर्षांचा आहे रे त्यांचा?"

तो हसला. "ते आम्हाला कोण सांगतंय!"

मंगळवारच्या रात्रीच्या गाडीने गेला. सुऱ्या परत टॉवेलात गुंडाळल्या. धाकटीने भडंगाचा डबा दिला आणि बजावून सांगितलं, की रविवारी सकाळी फोन उचलायचा, मीठ किती ते विचारायचंय.